धाकटं दार

चौतीस वर्षं मी डोंगरातल्या पिएवेस्कुरा गावात टपाल वाटलं. गावातल्या कुणाच्या मनात काय चाललंय हे मला सांगता यायचं नाही, पण कोण कुठल्या दारातून आत-बाहेर करतं हे झोपेतून उठवून विचारा, सांगेन. एल्विराकडे मागून जायचं, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, कारण पुढच्या दाराची कडी तिच्या सासूच्या वेळेपासून गंजलेली. चर्चची घंटा वाजवणाऱ्या सेस्तोकडे पुढून, पण हाक मारल्याशिवाय नाही. आणि कुणाच्याही घरी, आभाळ कोसळलं तरी, धाकट्या दारातून जायचं नाही.

धाकटं दार म्हणजे काय हे आमच्यात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. जुन्या गावात प्रत्येक घराला रस्त्याच्या अंगाला दोन दारं असायची. थोरलं जगणाऱ्या माणसांचं. त्याच्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक अरुंद दार. त्याला पायरी नाही, बाहेरून कडी नाही. वर्षानुवर्षं बंद. घरात कुणी गेलं की ते उघडायचं, खाली फळी टेकवायची, पेटी फळीवरून उतरवायची आणि पुन्हा बंद करायचं. त्या दारातून फक्त बाहेर जायचं. आत कुणी येत नाही, कारण मरण एकदा ज्या वाटेनं बाहेर गेलं ती वाट त्याला माहीत झालेली असते. त्याचं खरं नावही तोंडातून काढायचं नाही. 'धाकटं' म्हणायचं आणि हवापाण्यावर बोलायला लागायचं.

हे सगळं मी आज बिनधास्त लिहिते आहे. पण मागच्या वर्षी हेच चार शब्द वेळेवर तोंडातून निघाले असते तर पुढचा सगळा गोंधळ झाला नसता. आणि तो गोंधळ दुसऱ्या कुणी घातला नव्हता, मीच घातला होता.

सात वर्षांपूर्वी भूकंपानं जुनं गाव खाली बसवलं. भर दुपारी झाला, बहुतेक जण शेतात नाहीतर मेंढरांमागे, म्हणून माणसं वाचली. सरकारनं फुटबॉलच्या मैदानावर आम्हाला तयार घरं आणून दिली. पांढरी, उबदार, एकसारखी, आणि प्रत्येकाला एकच दार. सेस्तो म्हणायचा, एक दार असलेल्या घराला घर म्हणत नाहीत, खोकं म्हणतात. त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नव्हते. मग त्या घरांतून माणसं जायला लागली. माझ्या नवऱ्याचा, नाझ्झारेनोचा, जिवलग मित्र गास्पारे गेला तेव्हा पेटी दारात वळेना. चपलांचं कपाट हलवलं, दार बिजागरीतून काढलं, तेव्हा कुठे तो बाहेर पडला. नाझ्झारेनोनं त्या रात्री सूपला हात लावला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "गास्पारेला जुना फ्रिज काढावा तसा काढला."

नाझ्झारेनो गवंडी. सबंध दरीत त्यानं दगड बसवले. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ज्या हातानं दगड तोलायचा तो हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला. व्यायाम मिळाला तर चालेल, डॉक्टर म्हणाले. व्यायाम होता खालच्या शहरात, बेचाळीस किलोमीटर, सगळी वळणंच वळणं. आमची मुलगी मारिलेना अँकोनाला असते. तिनं तिच्या चौथ्या मजल्यावर आमच्यासाठी खोली रंगवून ठेवली. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाली. नाझ्झारेनोनं आयुष्यात कधी समुद्र मागितला नव्हता. त्याला तिथं नेऊन ठेवलं तर तो महिन्याभरात संपेल हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

अशा वेळी लोरिस आला. पेझारोचा आर्किटेक्ट, बत्तीस-तेहतीसचा, चष्मा सारखा कपाळावर. त्यानं गावासाठी गावघर बांधायचं ठरवलं होतं. एकाच छपराखाली डॉक्टरांची खोली, व्यायामाची खोली, पाव भाजायची भट्टी असलेलं स्वयंपाकघर, कपडे धुवायची यंत्रं, पोरांना सकाळी ठेवायला जागा, आणि मधे शेगडीभोवती बसायला मोठा दिवाणखाना. आठ महिने तो आमच्यात राहिला. म्हाताऱ्यांना विचारायचा, तुम्ही कुठं बसत होता, ऊन कुठून यायचं, पाण्याला कोण कोण भेटायचं. नुसती गावघराची बातमी ऐकून दोन तरुण जोडपी परत आली. एकानं मेंढीच्या दुधाचं चीज करायला जुना गोठा दुरुस्त करायला घेतला. आरोग्य कार्यालयानं सांगितलं, सहा महिने डॉक्टर आणि व्यायामवाली बाई पाठवतो. लोक आले तर कायम, नाही आले तर दोघी शहरात परत.

लोरिसची एक कल्पना होती. प्रत्येक घरानं ढिगाऱ्यातला आपला एक दगड गावघराला द्यायचा. एल्विरानं चुलीचा दगड दिला, सेस्तोनं पायरी. मी त्याला आमच्या पडक्या घराकडे घेऊन गेले. सगळं भुईसपाट. गावात एकाही घराचं थोरलं दार अख्खं उरलं नव्हतं, आमचंही नाही. पण ढिगाऱ्याच्या मधोमध आमच्या धाकट्याची दगडी चौकट जशीच्या तशी उभी होती. वर कोरलेलं गुलाबाचं फूल, एक पाकळीसुद्धा उडालेली नाही. उडेल कशी? शंभर वर्षांत दहा-बारा वेळा उघडलेलं दार ते.

लोरिसनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्या चौकटीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले. मग खिशातून फीत काढून मोजमाप घेतलं आणि हरखून म्हणाला, "मावशी, बरोबर नव्वद सेंटिमीटर! अपंगांच्या खुर्चीच्या नियमाला तंतोतंत बसतंय!"

बसणारच. पेटी जाते तिथून खुर्ची न जायला काय झालं. पण हे मी म्हटलं नाही. 'ही चौकट कसली आहे' एवढंही म्हटलं नाही. मनात आलं, लावेल कुठेतरी भिंतीत, शोभेला. आणि दुसरं खरं कारण, तेही सांगून टाकते: अख्ख्या गावातून माझ्या घराचा दगड त्यानं निवडला याचा मला तोरा चढला होता. एल्विराच्या चुलीच्या दगडाकडे त्यानं एवढ्या प्रेमानं बघितलं नव्हतं.

ऑक्टोबरात गावघर पूर्ण झालं. पडदा बाजूला केला. आमचं धाकटं दार त्यानं गावघराचं मुख्य दार केलं होतं. एकुलतं एक. जुन्या जागी होतं तसंच हातभर उंचावर बसवलं होतं, म्हणून जमिनीपासून दारापर्यंत खुर्चीसाठी उतरण बांधली होती, लाकडाची. लांबून ती हुबेहूब फळी दिसत होती.

सरपंचबाईंनी फीत कापली, भाषण केलं, तेही बाहेरूनच. प्रांताचे पाहुणे आत गेले. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणाच्या बुटाला चिखल होता, कुणाची भाजी गॅसवर होती, कुणाला एकाएकी मेंढरं आठवली. कुणी माझ्याकडे बघेना. चौकट कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कसं? बोलायचं तर नाव घ्यावं लागतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि अख्खं गाव तो खात होतं.

मग हिवाळा आला आणि तमाशा सुरू झाला. आत शेगडी पेटलेली, खुर्च्या मांडलेल्या, कॉफीचं यंत्र चमकतंय, आणि माणसं बाहेर कारंज्याभोवती मफलर गुंडाळून कुडकुडत उभी. पेशंट डॉक्टरीणबाईंच्या खिडकीबाहेर रांग लावायचे. एल्विरानं खिडकीतून जीभ दाखवली, सेस्तोनं खिडकीतून दंड आत घालून रक्तदाब मोजून घेतला. डॉक्टरीणबाई बोलोन्याच्या, त्यांना वाटलं डोंगरातली माणसं लाजरी असतात. मागे एक दार होतं, आग लागली तर बाहेर पळायला, पण ते फक्त आतून उघडायचं आणि उघडलं की भोंगा वाजायचा. एल्विरानं एकदा धुलाईची यंत्रं सांभाळायला शहरातून येणाऱ्या बाईला पटवून ते आतून उघडायला लावलं. भोंगा असा बोंबलला की चीजवाल्याची चाळीस मेंढरं ओढा ओलांडून पळाली.

लोरिसला काही कळेना. बिचारा दर आठवड्याला पेझारोहून यायचा आणि काहीतरी बदलायचा. भिंती फार पांढऱ्या म्हणून पिवळ्या केल्या. खुर्च्या नव्या म्हणून जुन्या आणल्या. लोकांना विचारायचा, काय आवडत नाही? लोक म्हणायचे, सगळं फार छान आहे हो, हात लावायची सोय नाही इतकं छान. मलाही विचारलं त्यानं. मी म्हटलं, थंडी सरली की येतील. अजून लाज वाटते ते आठवलं की.

पण खरा घाव घरातच होता. डिसेंबरात मी नाझ्झारेनोला खुर्चीत बसवून गावघराकडे नेलं. व्यायामवाली दोनातेल्ला दारात उभी राहून हात हलवत होती. उतरणीच्या तोंडाशी त्यानं चांगल्या हातानं चाक धरलं.

"नाही," म्हणाला.

"अरे, आत दोन दांड्या आहेत. त्या धरून चालायचंय."

"त्या दारातून मी एकदाच जाईन, ओत्ताविया. आणि आत नाही."

त्याच्या आईला, बापाला, थोरल्या भावाला त्याच चौकटीतून त्यानं स्वतः खांद्यावर काढलं होतं. फळीचं खालचं टोक धरायला मीच तर असायचे.

दोनातेल्ला पोरगी चांगली. बाहेर या तर बाहेर, म्हणाली, आणि कारंज्याचा कठडा धरून त्याला उभं करायला लागली. जानेवारीच्या वाऱ्यात. चार पावलं टाकली त्यानं, पाच टाकली, एकदा तर नऊ. मग फेब्रुवारीत खोकला झाला, खोकल्याचा ताप झाला, आणि तो पुन्हा अंथरुणाला खिळला. डॉक्टरीणबाई आमच्या घरी येऊन छाती तपासून गेल्या. जाताना दारात थांबून त्यांनी हळूच सांगितलं की आरोग्य कार्यालयाचा माणूस ईस्टरनंतरच्या मंगळवारी बघायला येणार आहे. रिकाम्या खोल्या बघून तो काय ठरवणार हे वेगळं सांगायला नको, म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मारिलेनाचा फोन आला. खोलीत आजारी माणसाचा पलंग टाकलाय, चाकांचा, डोक्याकडून वर उचलता येणारा, म्हणाली.

फोन ठेवला. नाझ्झारेनो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट चढवला आणि गावघराकडे गेले. लोरिस आत एकटाच होता, शिडीवर चढून दिव्याला कागदाची टोपी लावत होता. प्रकाश फार कडक पडतो म्हणून लोक येत नसतील अशी त्याची नवी कल्पना. मी उतरणीच्या खाली उभी राहून त्याला हाक मारली.

"मावशी, आत या की, गार वारा सुटलाय."

"तू बाहेर ये. मला तुला एक सांगायचंय आणि ते इथूनच सांगावं लागेल."

तो आला. उतरणीवर बसला. आणि मी सांगितलं. पहिल्यापासून, नावासकट. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं घेतलं आणि मीही त्याच्या शेजारी त्या फळीवर बसले. बसल्यावर कळलं, नुसतं लाकूड होतं, उन्हानं जरा कोमट झालेलं.

लोरिसनं चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं आता हा ओरडणार. त्याचा हक्कच होता. दोन वर्षांचं त्याचं काम, आणि एका टपालवाल्या बाईच्या तोऱ्यापायी मातीत.

"म्हणजे मी सबंध गावाला हिवाळाभर," तो सावकाश म्हणाला, "मेल्यावर ज्या वाटेनं जायचं तिथून आत या म्हणत होतो."

"कॉफी प्यायला," मी म्हटलं.

तो हसायला लागला. हसता हसता चष्मा पडला. मग डोळे पुसून त्यानं मला विचारलं, "पण मला कुणी सांगितलं का नाही? मी प्रत्येकाला विचारलं होतं."

"नाव घ्यायचं नसतं बाबा. आणि मला माझा दगड मिरवायचा होता. हे आता कळलंय तर फोडून टाक ती चौकट. मी काही म्हणणार नाही."

त्यानं वळून चौकटीकडे पाहिलं, त्या गुलाबाकडे. "प्रत्येक घराला दोन दारं होती म्हणालात ना?"

"दोन."

"मग ही कशाला फोडायची? ही चुकीची नाहीये. मी अर्धंच घर बांधलंय."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चौतीस वर्षं दारं बघितली, पण हे काही सुचलं नाही.

स्वयंपाकघराची मोठी खिडकी कारंज्याकडे, उन्हाच्या बाजूला होती. तिच्या खालची भिंत काढली की थोरलं दार, तेही जमिनीच्या बरोबर. उतरणीची गरजच नाही. लोरिस कागद घेऊन सरपंचबाईंकडे पळाला. त्यांनी दुसरं दार कशाला असं विचारलंही नाही, लगेच सही केली. त्याही इथल्याच.

प्रश्न चौकटीचा होता. अख्खं थोरलं दार कुणाचंच उरलं नव्हतं. मग सेस्तोनं आपल्या दाराचा डावा खांब आणला, एल्विरानं उजवा, आणि गास्पारेच्या विधवेनं वरचा आडवा दगड. तीन घरांचे तीन दगड, तिन्हींची जाडी वेगळी. लोरिस फीत लावून लावून घामाघूम झाला. तेव्हा नाझ्झारेनो म्हणाला, मला तिथं न्या. ताप उतरून चार दिवस झाले होते. मी त्याला पांघरुणात गुंडाळून कारंज्यापाशी नेऊन बसवलं. त्यानं नुसतं बघितलं आणि चांगल्या हाताचं बोट दाखवत सांगायला लागला, डावा दोन बोटं खाली घ्या, उजव्याची उलटी बाजू पुढं करा, वरच्याच्या पोटातला तो उंचवटा छाटा. सेस्तो छाटायला लागला तशी त्याला शिव्या. दोन वर्षांत त्याच्या तोंडून इतक्या शिव्या मी ऐकल्या नव्हत्या. ऐकून मला रडायला आलं, मी कारंज्याच्या पाण्यानं तोंड धुतलं.

चौकट ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बुधवारी उभी राहिली, पण दाराची कवाडं सुताराकडे होती. नुसती मोकळी जागा. शुक्रवार-शनिवार आमच्याकडे ईस्टरचा चीज घातलेला पाव भाजायचा असतो. मैदानावरच्या खोक्यांतल्या चुलीत तो धड फुगत नाही, सात वर्षं आम्ही बसकाच पाव खात होतो. शनिवारी सकाळी एल्विरा पिठाची परात डोक्यावर घेऊन त्या मोकळ्या जागेसमोर येऊन उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग आपल्याच दगडाला हात लावला आणि शिरली आत. भट्टी पेटली. अर्ध्या तासात आत पंधरा बायका होत्या आणि प्रत्येकीचं म्हणणं, भट्टी जरा जास्तच तापलीय. पुरुष वासानं आले. मुलं कुणी बोलावल्याशिवाय आली आणि कपडे धुवायच्या यंत्राच्या काचेला नाक लावून बसली. डॉक्टरीणबाई आपल्या खोलीतून बाहेर येऊन बघतच राहिल्या. खिडकीतून ज्यांच्या जिभा बघितल्या होत्या ती माणसं त्यांनी पहिल्यांदाच सबंध बघितली.

मंगळवारी कार्यालयाचा माणूस आला. उंच, हडकुळा, काखेत फाईल. गावघर भरलेलं होतं. अकरा जण डॉक्टरांसाठी थांबलेले, चीजवाल्या जोडप्यानं कोपऱ्यात टेबल मांडलेलं, शेगडीपाशी पत्त्यांचा डाव. पण गाडी त्यानं वरच्या बाजूला लावली होती, तिकडून त्याला आधी धाकटं दारच दिसलं. लोरिसनं उतरण अजून काढली नव्हती. तो माणूस तरातरा उतरण चढायला लागला आणि त्यानं दारावर हात ठेवला.

"तिकडून नको!"

तीस-चाळीस गळ्यांतून एकदम. पत्ते खाली पडले, परात खाली पडली, माणसं थोरल्या दारातून बाहेर धावली, हात हलवत, लाटणं हातात तसंच. तो बिचारा फाईल छातीशी धरून तिथेच थिजला.

"का? काय आहे तिथं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार इतक्यात सेस्तो म्हणाला, "तिथून गार वारा येतो, साहेब. इकडून या."

आत आल्यावर त्याला बसायला खुर्ची मिळेना. शेवटी व्यायामाच्या पलंगावर बसवला. डॉक्टरीणबाईंशी बोलला, दोनातेल्लाशी बोलला, फाईलीत लिहीत राहिला. मी दांड्यांपाशी उभी होते. नाझ्झारेनो आत होता. त्या मंगळवारी सकाळी तो माझ्या दंडाला धरून थोरल्या दारातून आपल्या पायांनी आत आला होता. उंबऱ्यावर थांबून वरच्या दगडाच्या पोटाकडे बघितलं होतं आणि म्हणाला होता, गाढवानं छाटताना केसभर जास्त घेतलंय. आता तो दोन दांड्या धरून उभा होता. कार्यालयाच्या माणसानं त्याला विचारलं, किती दिवस येताय?

"आजपासून," नाझ्झारेनो म्हणाला. "सहा महिने दाराची वाट बघत होतो."

त्या माणसाला अर्थ लागला की नाही कोण जाणे. पण त्यानं तेही लिहून घेतलं. जाताना एल्विरानं अर्धा पाव कागदात गुंडाळून दिला आणि तो नको नको म्हणत घेऊन गेला.

पत्र मे महिन्यात आलं. नवा टपालवाला पोरगा ते थोरल्या दारातून घेऊन आला, मी मुद्दाम बघितलं. डॉक्टर कायम. दोनातेल्ला कायम, आणि आठवड्याला दोनऐवजी तीन दिवस. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच भट्टीजवळच्या बाकावर बसले आणि मारिलेनाला फोन लावला. म्हटलं, तो पलंग परत कर पोरी, आणि त्या खोलीत तुझं ते शिलाईचं मशीन ठेव. ती जरा रडली, मग म्हणाली, समुद्र बघायला तरी या. बघू, म्हटलं.

उन्हाळा सरता सरता आणखी एक जोडपं परत आलं. गावघरात सकाळी आता सात पोरं असतात, आणि पहिल्यांदाच मला वाटतंय की मैदानावरची खोकी एक दिवस रिकामी होतील आणि वर जुन्या गावाच्या जागी पुन्हा घरं उभी राहतील. लोरिसला दर घराचा नकाशा दोन दारांचा काढावा लागतो. आता त्याला सांगावं लागत नाही. गावघराची उतरण त्यानं काढून टाकली. धाकटं दार जमिनीपासून हातभर उंच आहे, पायरी नाही, आणि बंद आहे. कुणी त्याच्याकडे बघत नाही, म्हणजे जसं असायला हवं तसं झालंय. सेस्तोनं मात्र कुणाला न विचारता कोठीत एक ओकची फळी आणून ठेवली. तासलेली, तेल लावलेली.

ती फळी नाझ्झारेनोनं मागच्या रविवारी बघितली. व्यायामाचा दिवस नव्हता, आम्ही नुसतेच बसायला गेलो होतो. तो काठी टेकत कोठीपर्यंत एकटा गेला, परत आला आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. मी त्याच्या कॉफीत मिस्त्राचे, आमच्याकडच्या बडीशेपेच्या दारूचे, दोन थेंब टाकले. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या होत्या.

"ओत्ताविया," तो म्हणाला, "आपलं दार दिलंस ते बरं केलंस."

मला वाटलं टोमणा मारतोय. पण तो मारत नव्हता.

"गास्पारे गेला तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच होतं. मलाही तसंच काढणार, कपाट हलवून. आता नाही. आता शेवटी मला इथं आणतील आणि माझा बाप गेला तिथूनच मी जाणार. आपल्या गुलाबाखालून." त्यानं कॉफीचा घोट घेतला. "घाई नाहीये."

"घाई कशी असेल," मी म्हटलं. "उद्या नऊला दोनातेल्ला आहे."